शाफ्टच्या तड्याचं वय

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे सव्वातीनच्या सुमाराला आमच्या तिसऱ्या मिलचा टॉप रोलर शाफ्ट, म्हणजे ऊस पिळणाऱ्या वरच्या रोलरचा आस, तुटला. कारखाना कोल्हापूर जिल्ह्यातला, सहकारी. मी तिथे मिल सेक्शनचा इंजिनिअर. यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली. तुटलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजनही घटतं आणि उताराही, त्यामुळे शाफ्ट का तुटला हे विचारायला त्या रात्री कोणालाच सवड नव्हती. स्पेअर रोलर चढवून मिल पुन्हा फिरवायला अडतीस तास लागले.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "सायेब, कालपासनं ह्या बाजूचं बेअरिंग गरम हुतं. आवाज बी बदलला हुता. मला वाटलं पिनियनचा आसंल."

तुटलेला तुकडा मी तिसऱ्या दिवशी सकाळी नीट पाहिला. आधी डिझेलने धुवून घेतला, वायर ब्रश मात्र कोणाला लावू दिला नाही. जर्नलचा, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागाचा, व्यास ३८० मिलिमीटर. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग गुळगुळीत, हात फिरवला तर घासलेल्या पाट्यासारखा. उरलेला चतुर्थांश खडबडीत आणि चकचकीत, ताज्या फोडलेल्या खडीसाखरेसारखा. गुळगुळीत भागावर एका बिंदूभोवती कमानी उमटलेल्या होत्या. गडद, तांबूस-काळ्या, एकीच्या बाहेर दुसरी. मोजल्या तर पाच भरल्या.

चीफसाहेबांचं आणि बहुतेकांचं मत पडलं की मटेरिअल खराब होतं. मला ते पटेना. खराब मटेरिअल एका रात्रीत तुटेल, पाच कमानी काढत बसणार नाही. व्हर्नियर लावून मी पृष्ठभागापासून प्रत्येक कमानीची खोली वहीत लिहिली: सहा मिलिमीटर, साडेआठ, तेरा, बावीस, पंचेचाळीस. त्या पाच आकड्यांनी माझी पुढची अडीच वर्षं घेतली.

त्याच वर्षी मी नोकरी सांभाळून एम.टेक.ला नाव घातलं होतं. विषय ठरत नव्हता. मी तो तुकडा गॅसने कापून जीपमध्ये घालून कॉलेजात नेला आणि सरांच्या टेबलाशेजारी फरशीवर ठेवला. सरांनी बॅटरीचा झोत आडवा धरून कमानी पाहिल्या आणि विचारलं, "तुमचा कारखाना वर्षातून किती महिने बंद असतो?" उत्तर त्या प्रश्नातच होतं. मोळी पडली की मिल फिरायला लागते, पट्टा पडला की थांबते. थांबलेल्या सहा-सात महिन्यांत तड्यात शिरलेला रस आणि ओल तिथेच मुरते आणि तड्याचं टोक गंजतं. पुढच्या हंगामात तडा पुढे सरकतो, गंजाची रेघ मागे राहते. एक कमान म्हणजे एक बंद हंगाम.

तडा वाढतोच कशामुळे, हे समजून घ्यायला मला आमच्याच मिलकडे नव्याने पाहावं लागलं. टॉप रोलरच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगांवर हायड्रॉलिकचा दाब वरून खाली येतो, आमच्याकडे बाजूला सव्वाशे टनांच्या आसपास. मधला ऊस रोलरला वर ढकलतो. त्यामुळे शाफ्ट किंचित वाकतो, वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. पण शाफ्ट फिरतोय. आत्ता वर असलेली जागा अर्ध्या फेऱ्यात खाली येते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक जागा एकदा ताणली आणि एकदा दाबली जाते. मिनिटाला चार फेरे म्हणजे दिवसाला ५,७६० आणि बंद-थांबे वजा जाता हंगामाला आठ लाखांच्या घरात. ताण तसा जास्त नाही. जर्नलवर वाकण्यामुळे येणारा ताण मी काढला तो ५८ मेगापास्कल. या पोलादाची शरणमर्यादा, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं वाकायला लागतं ती, साडेतीनशेच्या आसपास आहे, म्हणजे सहापट सुरक्षित. डिझाइनच्या कागदावर हा शाफ्ट कधीच तुटायला नको.

रेल्वेच्या आसांनी माणसाला हाच धडा दिला होता. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि मोठा अपघात झाला. पुढे प्रशियात ऑगस्ट व्योलर यांनी फिरत्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की एका दमात सहज पेलणारा ताण लाखो वेळा आला तर पोलाद तुटतं. त्यांच्या आलेखावरून एखादा भाग किती फेऱ्यांनी तुटेल ते कळतं. मात्र आज त्यात तडा आहे आणि तो बारा मिलिमीटरचा आहे, तर पुढे काय, याला त्या आलेखात जागा नाही. माझा प्रश्न नेमका तोच होता.

त्याचं उत्तर ज्या शाखेत आहे तिची सुरुवात काचेपासून होते. १९१३ मध्ये इंग्लिस यांनी लंबवर्तुळाकार भोकाच्या टोकाशी ताण किती वाढतो ते गणिताने मांडलं. टोक जितकं अणकुचीदार तितका ताण जास्त, आणि अगदी धारदार तड्याच्या टोकाशी तो अनंत. मग काच जगते कशी? ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये छापलेल्या निबंधात ताण बाजूला ठेवून ऊर्जेचा हिशेब मांडला. तडा पुढे गेला की ताणलेल्या पदार्थातली साठलेली ऊर्जा मोकळी होते, पण नवा पृष्ठभाग तयार करायलाही ऊर्जा लागते. मिळकत खर्चापेक्षा मोठी झाली की तडा धावत सुटतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून बाहेर फेरी मारून आलो. इतकी मोठी गोष्ट इतक्या साध्या जमाखर्चात बसते, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

अनंत ताणाशी माझी स्वतःचीही गाठ पडली. सुरुवातीला संगणकावर शाफ्टचं मॉडेल, म्हणजे छोट्या घटकांची जाळी, करून त्यात तडा काढला आणि टोकाचा ताण वाचला. आकडा मोठा आला. जाळी बारीक केली तर आणखी मोठा. चार वेळा जाळी निम्मी केली, आणि दर वेळी ताण साधारण १.४ पटींनी वाढला. आठवडाभर मी मॉडेलमधली चूक शोधत होतो. सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "चूक नाही, हीच तर सही आहे." टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ताण वाढतो. अंतर निम्मं झालं की ताण दोनच्या वर्गमुळाने वाढणार, म्हणजे १.४ पट. म्हणून टोकाचा ताण विचारायचाच नसतो, तो किती जोराने वाढतो ते विचारायचं. या जोराला आयर्विन यांनी १९५७ मध्ये एक आकडा दिला, ताण-तीव्रता गुणांक. सगळे त्याला नुसतं के म्हणतात. ताण आणि तड्याच्या खोलीचं वर्गमूळ यांच्या गुणाकारातून तो येतो आणि त्याचं एकक मेगापास्कल रूट मीटर, जे कानाला रुळायलाच मला महिना लागला. मॉडेलमध्ये त्यासाठी टोकाभोवतीच्या घटकांचे मधले बिंदू बाजूच्या मध्यावरून सरकवून पाव अंतरावर आणायचे. एवढ्या एका सरकवण्याने घटक तो वर्गमुळी चढ बरोबर पकडतात. सत्तरच्या दशकात कोणाला तरी ही युक्ती सुचली, आणि माझ्या अनेक रात्री वाचल्या.

मग प्रयोग. शाफ्टच्या धड भागातून नमुने कापले. चौकोनी ठोकळा, दोन पिनांसाठी दोन भोकं, मध्ये वायरकटने पाडलेली खाच. रुंदीचं माप ५० मिलिमीटर, जाडी साडेबारा. खाच कितीही बारीक पाडली तरी ती खाचच, तडा नव्हे. त्यामुळे आधी मशीनवर हलक्या भाराने हजारो हिसके देऊन खाचेच्या टोकातून खरा तडा उगवावा लागतो. पहिल्या नमुन्यात मी घाई केली आणि भार जास्त ठेवला. तडा उगवला, पण एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. तो नमुना बाद झाला. नंतर मी पॉलिश केलेल्या बाजूवर दुर्बिणीखाली डोळा लावून बसायचो. आधी काहीच दिसत नाही. मग खाचेच्या टोकाशी केसाहून बारीक काळी रेघ येते. मशीन चालू असताना ती उघडते-मिटते. एवढ्या जवळून मी पोलादाला उघडमीट करताना प्रथमच पाहत होतो, आणि आमचा शाफ्ट पाच वर्षं रात्रंदिवस हेच करत होता.

तड्याच्या वाढीचा नियम पॉल पॅरिस यांचा. दर फेऱ्याला तडा किती सरकतो ते केच्या चढउताराच्या ठरावीक घातावर अवलंबून असतं. पोलादासाठी हा घात तीनच्या आसपास येतो. त्यांचा हा निबंध नामांकित नियतकालिकांनी नाकारला आणि १९६१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका छोट्या पत्रिकेत तो छापून आला. आज विमानाच्या तपासण्यांची मुदत ज्या गणिताने ठरते त्याच्या मुळाशी हाच नियम आहे.

लॅबमधलं मशीन सेकंदाला वीस हिसके देतं, तासाला ७२,०००. आमच्या मिलचा आठ लाख फेऱ्यांचा हंगाम तिथे अकरा तासांत संपतो. तीन नमुन्यांचे आकडे लॉग आलेखावर मांडले तर सरळ रेघ आली आणि घात ३ च्या जवळ. मी खूश झालो. हे आकडे मॉडेलला दिले आणि सहा मिलिमीटरपासून तडा वाढवायला घेतला. दर पावलाला तड्याच्या कडेवर ठिकठिकाणी के काढायचा, तेवढी कड पुढे सरकवायची, जाळी नव्याने विणायची, पुन्हा के. संध्याकाळी लावलेलं काम सकाळी पूर्ण होई. उत्तर आलं की सहाचे बावीस मिलिमीटर व्हायला सहा हंगाम लागतात.

माझ्या वहीत लिहिलेलं होतं, तीन.

दुप्पट फरक. भार चुकला असेल म्हणून हायड्रॉलिकच्या नोंदी पुन्हा तपासल्या. तड्याचा आकार चुकला असेल म्हणून अर्धवर्तुळाचं अर्धलंबवर्तुळ केलं. थोडं इकडेतिकडे झालं, पण दुप्पट भरून निघेना. तड्याला रेघ न मानता शून्य ते एक अशा झिजेच्या पट्ट्याने दाखवणारी नवी पद्धतही करून पाहिली. फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांच्या १९९८ च्या मांडणीतून आलेली ही पद्धत फारच देखणी आहे. तडा कुठे वळेल, कुठे फुटेल, हे ती आपणहून सांगते. पण त्या पट्ट्याच्या रुंदीपेक्षा घटक बारीक लागतात आणि ३८० मिलिमीटरच्या शाफ्टसाठी कॉलेजच्या संगणकाचा जीव तेवढा नव्हता. शिवाय आमच्या तड्याची वाट ठरलेलीच होती. प्रश्न वेगाचा होता.

उत्तर मिस्त्रींकडून आलं, तेही चहा पिताना. मी म्हटलं, लॅबमध्ये तडा हळू वाढतोय. ते म्हणाले, "तितं रस कुटं हाय?"

खरंच की. नमुने कोरड्या हवेत, वातानुकूलित खोलीत. आमच्या जर्नलच्या रेडियसवर, म्हणजे जर्नल जाड शाफ्टला मिळतो त्या गोलाई दिलेल्या कोपऱ्यावर, रात्रंदिवस रस आणि इंबिबिशनचं (उरलेली साखर काढायला पिळलेल्या उसावर सोडलेलं) पाणी ठिबकतं. उसाचा रस आंबट असतो, सामू साडेपाचच्या खाली. मी कॅनमधून रस न्यायला लागलो. नमुन्याभोवती अॅक्रिलिकची छोटी टाकी बांधली, छोट्या पंपाने रस फिरवला. काही तासांत रस आंबायचा, फेस यायचा, लॅबभर वास. दर चार तासांनी बदलायचा, उरलेला फ्रीजमध्ये. लॅब असिस्टंट दादांनी दोन रात्री माझ्यासोबत काढल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. हिसक्यांचा वेगही उतरवावा लागला, कारण सेकंदाला वीस वेळा उघडमीट होणाऱ्या तड्यात रसाला काम करायला वेळच मिळत नाही. सेकंदाला एक ठेवला. मिलचा खरा वेग पंधरा सेकंदांना एक आहे, पण त्या वेगाने हंगामभराचे फेरे द्यायला हंगामच लागला असता. सेकंदाला एक या वेगाने, रसात, तडा हवेतल्यापेक्षा दीड ते दोन पट वेगाने वाढला. दोन पट धरून मॉडेल पुन्हा लावलं. सहा, साडेआठ, तेरा, बावीस, शेहेचाळीस. वहीतला शेवटचा आकडा पंचेचाळीस होता.

तडा सुरू कुठून झाला तेही याच काळात उलगडलं. कमानींच्या केंद्राशी कापून, पॉलिश करून, अॅसिड लावलं तर रेडियसलगत वेल्डिंगची चंद्रकोर दिसली. त्याच्या कडेची कठीणता ४६० विकर्स, मूळ पोलादाची १९५. जुन्या रजिस्टरात सापडलं की सात ऑफ सीझनपूर्वी जर्नलवर ओरखडे पडले म्हणून बाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग भरून टर्निंग केलं होतं. ४५ पॉइंट कार्बनचं, म्हणजे ०.४५ टक्के कार्बनचं, पोलाद आधी नीट तापवल्याशिवाय वेल्ड केलं तर वेल्डच्या कडेचा थर काचेसारखा ठिसूळ होतो आणि वर आकसण्याचा ताण आत अडकून बसतो. तापवल्याची नोंद कुठेच नव्हती. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ते काम करणाऱ्यांनी जर्नल छान गुळगुळीत करून दिला होता. वरून पाहणाऱ्याला दोष दिसण्यासारखा नव्हताच.

पदवीपुरतं एवढं पुरेसं होतं. पण पुढच्या ऑफ सीझनला अल्ट्रासॉनिक तपासणीवाल्याने चौथ्या मिलच्या टॉप शाफ्टमध्ये, त्याच जागी, बारा मिलिमीटरचा तडा दाखवला. त्याच वर्कशॉपचं, त्याच वर्षीचं काम. नवा शाफ्ट फोर्ज होऊन यायला आठ-नऊ महिने, स्पेअर रोलर तिसऱ्या मिलमध्ये वापरून संपलेला. आणि मोळी टाकायची तारीख ठरलेली.

बैठकीत पहिली सूचना आली की तडा तासून काढा. मी फळ्यावर हिशेब मांडला. बाजूला बारा गेले की व्यास ३८० चा ३५६ होतो, ताण व्यासाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे जवळजवळ बावीस टक्क्यांनी वाढतो, तोही नव्या, खोल रेडियसवर. दुसरी सूचना, पुन्हा वेल्डिंग भरा. यावर मी आवाज चढवला. तसा मी चढवत नाही.

माझं म्हणणं होतं की चालवू, पण हायड्रॉलिकचा भार वीस टक्क्यांनी उतरवून. तडा वाढण्याचा वेग केच्या घनाने जातो. ०.८ चा घन ०.५१. भार पाचव्या हिश्शाने कमी केला की वेग निम्मा. पूर्ण भारावर बाराचे वीस होतील, कमी भारावर पंधरा-साडेपंधरा. प्रोसेसवाल्यांचा आक्षेप रास्त होता. दाब कमी म्हणजे बगॅसमध्ये, पिळून उरलेल्या चिपाडात, ओल आणि साखर जास्त जाणार, बॉयलरलाही त्रास. चीफसाहेबांनी एकच विचारलं, "आणि तपासणीवाल्याचा आकडा चुकला असेल तर?" याची तयारी मी केली होती. तडा बारा नसून अठरा आहे असं धरूनही मॉडेल चालवलं होतं. हंगामाअखेर पंचवीसच्या आत राहत होता. शाफ्टचा चिवटपणा, म्हणजे के किती झाला की तडा धावत सुटेल ते, मोजताना पंचवीस मिलिमीटर जाडीचे नमुने नियमात बसले नव्हते, या मऊ पोलादाला सत्तरच्या वर जाडी लागते. म्हणून राइस यांच्या १९६८ च्या जे-इंटिग्रलच्या, म्हणजे मऊ पोलादालाही चालणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबाच्या, वाटेने जावं लागलं. तो आकडा पंचवीस मिलिमीटरच्या तड्याच्या केपेक्षा पाचपट वर होता. मी चीफसाहेबांना सांगितलं, "साहेब, चुकला तरी या हंगामात तुटणार नाही. पुढच्या हंगामाची खात्री देत नाही." ते बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी नव्या शाफ्टच्या ऑर्डरवर सही केली. भार उतरवायचा निर्णय त्याच दिवशी झाला.

त्या हंगामात मी दर सफाईच्या थांब्याला तपासणी करवून घेतली. शाफ्टच्या टोकाला प्रोब लावला की पडद्यावर रेडियसची स्वतःची उठी, म्हणजे प्रतिध्वनीचा उंचवटा, येते आणि तडा तिच्या सावलीत दडतो. तपासणीवाले तिरका प्रोब लावून, हात बोटभर सरकवत, ती दुसरी छोटी उठी वेगळी करून दाखवायचे. बारा. साडेबारा. चौदा, मग पुन्हा तेरा. तेरा वाचल्यावर मिस्त्री हसले होते, "कमी झाला बगा." तडा कमी होत नसतो, वाचन तेवढं मागेपुढे होतं. त्या मागेपुढे होण्यातच मला रात्री झोप येत नसे.

मार्चच्या शेवटी पट्टा पडला. शाफ्ट उतरवला, नवा चढला. जुन्याचा तडा असलेला भाग कापून द्रव नायट्रोजनमध्ये गार केला आणि प्रेसखाली फोडला, म्हणजे तड्याची दोन्ही तोंडं जशीच्या तशी उघडी पडतात. शेवटची गडद कमान, म्हणजे हंगाम सुरू होताना तडा जिथे होता ती जागा, तेरा मिलिमीटरवर होती, बारावर नव्हे. तिच्या बाहेरची ताजी करडी पट्टी साडेसोळावर संपत होती. बाराऐवजी तेरापासून सुरू करून मॉडेल त्याच रात्री पुन्हा लावलं. सतरा आलं, अर्धा मिलिमीटर जास्त.

तो अर्धा मिलिमीटर कुठून आला ते मी अजून शोधतोय. रसाचे प्रयोग सेकंदाला एक या वेगाचे आहेत, मिल पंधरा सेकंदांना एक. सरांनी लॅबचं मशीन मला या उन्हाळ्यात दोन महिने मोकळं दिलं आहे. चार फेऱ्यांच्या खऱ्या वेगाने एकच नमुना लावणार आहे, आणि रस ठेवायला वेगळा फ्रीज घेतला आहे.